झाडांना सांगितलेलं मरण

आमच्या मिलोशिनला माणूस गेला की आधी झाडांना सांगायचे. पाद्रीबाबा नंतर, पाहुणेरावळे नंतर. उजाडता उजाडता घरातल्या कुणीतरी दाराची किल्ली घ्यायची, परसातल्या प्रत्येक झाडाच्या खोडावर तीनदा ठोकायचं आणि म्हणायचं, "तुमचा धनी गेला." मधमाश्यांच्या पेट्यांवरही ठोकायचं. नाही सांगितलं तर झाड धन्याची वाट बघत राहतं आणि वाट बघता बघता वाळतं, अशी आमच्याकडची समजूत. मोराव्हियातल्या बऱ्याच गावांत ही पद्धत होती. पण आमच्या गावाला राजवाडा होता आणि राजवाड्याच्या बागेत झाडं इतकी, की सांगणाऱ्याची सगळी सकाळ त्यातच जायची.

त्या राजवाड्यात लोकांना दालनं दाखवण्यात माझं आयुष्य गेलं. आलेल्यांच्या बुटांवर आधी जाड लोकरी नमद्याच्या मोठ्या चपला चढवायला लावायच्या, म्हणजे लाकडी फरशीवर ओरखडे उठत नाहीत, आणि मग घोळका घेऊन निघायचं. त्या चपलांचा आवाज होत नाही. नवीन होते तेव्हा मला ते फार भयाण वाटायचं. मी पुढं बोलत चाललेली असायचे आणि मागं माणसं आहेत की गेली, हे वळून बघेपर्यंत कळायचं नाही.

काय सांगायचं ते मला अजून पाठ आहे. स्वीडिश फौजांनी जुनी गढी जाळली, तिच्या जागी काउंट लेओपोल्डनं हा राजवाडा बांधला. चुन्याच्या गिलाव्यातून माणसं घडवणारे कारागीर इटलीहून आणले. सज्जा खांद्यावर तोलणारे ते चार राक्षस त्यांनीच केलेले. मोठ्या दालनाच्या छतावर देवांची सभा रंगवली आहे; त्यातल्या मद्याच्या देवाला काउंटच्या आचाऱ्याचं तोंड दिलंय म्हणतात. खाली बागेत शिंपल्यांची गुहा, रोमन बादशहांच्या मुंडक्यांची रांग, कातरलेल्या झाडांचा भुलभुलैया, आणि दगडी बाकांखाली लपवलेल्या शिशाच्या नळ्या. पाहुण्या बायका रेशमी झगे सावरून बाकावर टेकल्या की माळी चावी फिरवायचा आणि खालून पाण्याच्या चिळकांड्या उडायच्या. काउंटला याचं भारी हसू यायचं.

"आणि हे सगळं भूदासांच्या घामातून उभं राहिलं, हे वाक्य कुठं गेलं?" आमचे व्यवस्थापक हानाकसाहेब मागून येऊन विचारायचे. त्या कम्युनिस्ट राजवटीत ते वाक्य सक्तीचं होतं.

"गुहेपाशी म्हणते ना मी."

"गुहेपाशी लोक शिंपले बघतात, ल्युबा. घाम आधी."

पण लोकांना घामापेक्षा काउंटिणीत जास्त रस. काउंट लेओपोल्ड शिकारीत मेला तेव्हा त्याच्या बायकोनं माळ्याला झाडांना सांगू दिलं नाही. म्हणाली, सांगितलं की तो खरंच गेला. तीन वसंत झाडांना पालवी फुटली नाही. चौथ्या वर्षी तिनं स्वतः किल्ली घेतली. ती अजून लिंडनच्या झाडांच्या रस्त्यावर ठोकत फिरते, असं सांगितलं की पुढच्या ओळीतल्या पोरी एकमेकींचा हात धरायच्या. मी काउंटीण कधी पाहिली नाही. मी पाहिलं ते निराळं.

माझी मावशी अपोलेना राजवाड्याच्या बागेत माळीण होती आणि तिचा नवरा फ्लोरियान मुख्य माळी. आई लवकर गेल्यामुळं मी त्यांच्याकडेच वाढले. संत्रीघराला लागून त्यांची दोन खोल्यांची जागा होती. संत्रीघर म्हणजे उंच खिडक्यांची लांबलचक इमारत. कुंड्यांतली संत्र्याची झाडं हिवाळाभर तिच्यात ठेवायची आणि मे महिन्यातली शेवटची थंडी सरली की दांड्यांवर उचलून बागेत मांडायची. फ्लोरियान झाडांशी बोलायचा. माणसांशी कमी. मावशी म्हणायची, "मला लग्नाची मागणी यानं आधी लिंबाच्या कुंडीपाशी घालून बघितली. लिंबानं नाही म्हटलं नाही, म्हणून मग माझ्याकडे आला."

एकोणीसशे पन्नास साली पोलीस त्याला घेऊन गेले. राजवाड्यातल्या प्रार्थनाघराच्या जुन्या पाद्रीला त्यानं दोन दिवस गुहेमागच्या पंपाच्या खोलीत लपवलं होतं. दहा वर्षांची शिक्षा, युरेनियमच्या खाणीत. आधी पत्रं यायची, मग बंद झाली. दुसऱ्या हिवाळ्यात तिथून सुटलेला एक जण गावातून जाताना गुत्त्यात सांगून गेला की मिलोशिनचा माळी दरड कोसळून दबला, त्यानं स्वतः पाहिलं.

सरकारी कागद काही आला नाही. पण त्याच आठवड्यापासून संत्र्यांची पानं गळायला लागली. रोज सकाळी फरशीवर हिरव्यागार पानांचा सडा. शेगडी नीट पेटलेली, पाणी नीट दिलेलं, तरी गळती थांबेना.

फ्लोरियानची आई बार्बोरा आमच्यातच राहायची. ठेंगणी, काटक, डोक्याला काळा रुमाल. एका पहाटे ती दाराची किल्ली घेऊन निघाली तेव्हा मावशी संत्रीघराच्या दारात आडवी उभी राहिली.

"आई, किल्ली ठेवा."

"झाडं मरतायत, पोरी."

"मरू देत. नवी लावू."

"ही काय कोबीची रोपं आहेत? माझ्या सासऱ्याच्या सासऱ्यानं राखलीत ही. त्यांना कळलंय, आपण लपवतोय."

"कुणी दारुडा गुत्त्यात काहीतरी बरळला आणि तुम्ही आपल्या पोटच्या पोराला पुरायला निघालात."

बार्बोरा रडली नाही. "मी त्याला नऊ महिने वागवलंय," ती म्हणाली. "माझ्या पोटात आता कळ येत नाही. रोज यायची, तो गेल्यापासून. गेल्या सोमवारपासून येत नाही. आता सांग मला, काय समजू?"

मावशी बाजूला झाली नाही. बार्बोरा तिच्या हाताखालून आत शिरली. मी दारात उभी होते. किल्लीचे ठोके आधी कुंड्यांवरून, मग बाहेर बादशहांच्या रांगेवरून, मग भुलभुलैयातून ऐकू येत राहिले. दर तीन ठोक्यांनंतर तिचा सपाट आवाज, "तुमचा धनी फ्लोरियान गेला." दुपार होत आली तेव्हा ती परतली आणि न जेवता झोपली.

पानगळ थांबली. वसंतात संत्री इतकी फुलली की मोठ्या दालनापर्यंत वास यायचा. मावशीनं त्या वर्षी एकही फूल हातात घेतलं नाही. दोन-तीन वर्षांनी बार्बोरा गेली. तिच्यासाठी मावशीनं रीतीप्रमाणे झाडांना सांगितलं आणि मुख्य माळ्याचं काम स्वतः करू लागली. सुतकाचे काळे कपडे मात्र तिनं नवऱ्यासाठी तेव्हा घातले नाहीत. ताट रोज दोघांचं मांडायची. मी म्हटलं, "मावशी, त्याच्या ताटात कुणी जेवत नाही, ते रोज धुवायला तरी नको." तर म्हणाली, "धूळ बसते, धुवावंच लागतं."

साठ सालच्या माफीत फ्लोरियान परत आला.

बागेत संत्री नुकतीच मांडून झाली होती. मी वरच्या दालनात पन्नासेक शाळकरी मुलींना देवांची सभा दाखवत होते. खिडकीतून पाहिलं तर लिंडनच्या रस्त्यानं एक उंच, वाकलेला माणूस येत होता, हातात कागदी पिशवी. तो खडीवरून चालत होता पण मान खाली घालून, पाऊल असं टाकत होता की खडी दबली तरी वाजू नये. नंतर कळलं, खाणीत कैदी सगळेच तसं चालायला शिकतात. मावशी वाफ्यात वाकलेली होती. तो तिच्या मागं येऊन उभा राहिला, पुष्कळ वेळ. तिला चाहूल लागली नाही. शेवटी त्यानं तिच्या खांद्याला हात लावला.

त्या रात्री मावशी त्याच्या पायांवर गरम पाणी ओतत होती आणि हसत होती. "बघ गं ल्युबा, बोटं दहाच्या दहा आहेत. मोजून घेतली."

दरडीखाली दबला तो दुसराच माळी होता, शेजारच्या जिल्ह्यातला. एवढंच झालं होतं. आता सगळं पूर्वीसारखं होईल असं आम्हाला वाटलं.

फ्लोरियाननं मुख्य माळ्याचं काम पुन्हा हाती घेतलं. पहिल्यांदा मधमाश्यांकडं गेला; ज्या माश्या त्याच्या उघड्या हातावर बसायच्या त्यांनी त्याचं तोंड सुजवलं. मावशी म्हणाली, त्या माश्या नव्या आहेत, जुन्या कशाला राहतील. मग त्यानं भिंतीवरच्या सफरचंदांना कलमं बांधली. दहा वर्षांपूर्वी त्याचं एकही कलम फुकट जात नसे. या खेपेला सगळी काळी पडली. ज्या संत्र्याची फांदी त्यानं छाटली ते झाड बुंध्यापर्यंत सुकलं. शेजारच्या कुंडीत मावशीनं छाटलेलं मात्र तरारलेलं.

पाहुणेही त्याच्याकडं बघायचे नाहीत. मी स्वतः पाहिलंय. माळी काम करत असला की लोक थांबतात, काहीतरी विचारतात, हे कुठलं फूल म्हणून. त्याच्या अंगावरून लोक सरळ निघून जायचे. एकदा एका बाईनं आपल्या मुलाचा फोटो काढला तेव्हा तो मागंच उभा होता. "बाजूला व्हा" असंही ती म्हणाली नाही.

हळूहळू तो जेवायला टेबलापाशी येईनासा झाला. ताट दारातल्या पायरीवर घेऊन बसायचा. मग गुहेत जाऊन बसू लागला, दिवसच्या दिवस, शिंपल्यांच्या त्या ओलसर अंधारात. एक दिवस मी डबा घेऊन गेले.

"फ्लोरियान काका, मावशी वाट बघतेय."

"ती चांगली आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, "त्यांना सांगितलंय ना, ल्युबा."

"कुणाला?"

"झाडांना. माझ्या आईनं सांगितलं. आई खोटं बोलत नसे. आता मी त्यांना काय सांगू, ते चुकलं म्हणून? ती मला ओळखतात. पण मेलेल्या माणसाला ओळखावं तसं ओळखतात."

"तुम्ही जिवंत आहात."

"तू म्हणतेस," तो समजुतीनं म्हणाला, जशी लहान मुलाची समजूत काढतात.

मावशी खचली नाही. तिला नवरा हवा होता, जिवंत, टेबलापाशी बसलेला, आणि त्यासाठी ती काहीही करायला तयार होती. एका पहाटे तिनं तीच किल्ली घेतली आणि प्रत्येक झाडापाशी गेली. मी तिच्याबरोबर होते. ती ठोकायची आणि म्हणायची, "आईची चूक झाली. तो गेलेला नाही. तो आलाय." सुरुवातीला तिचा आवाज खणखणीत होता. भुलभुलैयापर्यंत पोचलो तेव्हा ती विनवण्या करत होती. एका झाडाला तिनं लाथ मारली आणि मग त्याचीच माफी मागितली. पण असं सांगायची आमच्याकडं पद्धतच नव्हती. गेला, हे सांगायचे शब्द होते. परत आला, याचे नव्हते. आमच्यात कुणी परत आलंच नव्हतं.

काहीही बदललं नाही. फ्लोरियान आणखी वाळला. बोलताना तो स्वतःबद्दल "होता" म्हणू लागला. "फ्लोरियानला बडीशेपेचं सूप आवडत होतं," असं. ते ऐकून मावशीनं सूप चुलीवरून उतरवलं आणि परसात नेऊन ओतलं.

हानाकसाहेबांपर्यंत गोष्ट गेली. मुख्य माळ्याच्या हातून झाडं मरतायत म्हटल्यावर त्यांना यावंच लागलं. ते माणूस वाईट नव्हते. जाड, घामट, सभेत झोपणारे. त्यांनी मावशीला आपल्या खोलीत बोलावलं, मलाही थांबवून घेतलं.

"अपोलेनाबाई, मी वर काय लिहू? संत्र्यांना अंधश्रद्धा झाली?"

"लिहा की. सगळंच लिहिता, तेही लिहा."

"चिडू नका. मला तो माणूस जगायला हवाय. त्याला नोकरीवर घेताना माझ्या नावानं किती बोंब झाली ते तुम्हाला माहीत नाही." त्यांनी रुमालानं मान पुसली. "आता बघा. काउंट मेला, पुतण्या आला. पुतण्या गेला, व्हिएन्नाचे लोक आले. ते पळाले, आम्ही आलो. दर वेळी झाडांनी काय केलं? मुकाट्यानं नवा धनी मानला. झाडं सरकारी नोकरांसारखी असतात, बाई. जुना साहेब परत आलेला त्यांना चालत नाही. नवा चालतो."

ते विनोद करत होते. स्वतःच हसले. मावशी हसली नाही. ती खुर्चीवरून उठली तेव्हा तिच्या चेहऱ्याकडं बघून साहेबांचं हसू ओसरलं.

"मी काही चुकीचं बोललो का?"

"नाही," मावशी म्हणाली. "तुम्ही पहिल्यांदाच कामाचं बोललात."

नवा धनी आला की झाडांना सांगायचे शब्द आमच्यात होते. त्याचा हात धरून त्याला झाडाझाडापाशी न्यायचं, त्याचा तळवा खोडावर ठेवायचा आणि नाव सांगायचं. तिनं गुहेत जाऊन फ्लोरियानला हे सांगितलं.

"म्हणजे फ्लोरियान मेलेलाच राहणार."

"हो."

"तुला चालेल?"

"मला तू जेवायला बसलेला चालेल," ती म्हणाली. मग म्हणाली, "नाव काय घेशील?"

"तूच ठेव. मला कुणी विचारून नाव ठेवलं नव्हतं."

तिनं माटोउश हे नाव ठेवलं. त्या नावाचं कुणी दोघांच्याही घराण्यात नव्हतं, म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याचा हात धरून निघाली. नवरीला सासरी फिरवतात तसं. संत्री, लिंबं, भिंतीवरची सफरचंदं, लिंडनचा रस्ता. "हा तुमचा नवा धनी, माटोउश. परका आहे, संभाळून घ्या." परका म्हणताना तिचा आवाज दर वेळी तेवढाच अडखळायचा. तो मात्र जसजसा पुढं जात होता तसतसा ताठ होत होता. शेवटच्या झाडापाशी त्याच्या पायाखालची खडी वाजली. मी ती ऐकली.

त्या दुपारी तो टेबलापाशी बसला आणि म्हणाला, "भूक लागलीय."

पुढच्या वर्षी त्याची कलमं धरली. माश्या हातावर बसू लागल्या. पाहुणे त्याला थांबवून फुलांची नावं विचारू लागले आणि तो सांगू लागला, पूर्वी कधी बोलला नव्हता इतकं. गावानं थोडे दिवस गंमत केली. गुत्त्यात कुणी "काय फ्लोरियान" म्हणालं तर तो मागं वळून बघायचाच नाही; मुद्दाम नव्हे, त्याला ते आपल्याला म्हणतायत असं वाटायचंच नाही. हानाकसाहेब म्हणाले, "कागदावर तरी जुनंच राहू दे बाबा, नाहीतर मला नवी जागा मंजूर करून घ्यावी लागेल."

मावशीनं त्याच सुमारास काळे कपडे शिवले. पहिल्यांदाच. नोव्हेंबरात सगळं गाव मृतांसाठी दिवे लावायला थडग्यांकडं जातं, तेव्हा तिनं बार्बोराच्या थडग्यावर एक दिवा जास्त लावला. शेजारी माटोउश काड्यापेटी धरून उभा होता, टोपी काढून. एखाद्या चांगल्या शेजाऱ्यासाठी उभं राहावं तसा.

इथवर गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे. पुढचं फार जणांना नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात लोक मला वरच्या दालनात विचारू लागले. नमद्याच्या चपला घालून ते खिडकीपाशी जायचे, खाली बाग बघायची म्हणून, आणि म्हणायचे, "इथं माळी दोन आहेत का हो?"

"एक माळी, एक माळीण."

"ती बाई ती. आणि हा वाफ्यातला. पण तो कातरलेल्या झाडांच्या पलीकडं, राखाडी कपड्यातला?"

मी बघायचे तेव्हा तिथं कुणी नसायचं. पण विचारणारे एकमेकांच्या ओळखीचे नव्हते. ब्रनोचे, प्रागचे, एकदा तर पोलंडच्या नन्स. सगळे भुलभुलैयाकडंच बोट दाखवायचे. एका म्हाताऱ्यानं सांगितलं, "भला माणूस दिसतो. झाडाशी बोलतोय."

मी हे मावशीला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. तिनंच एक दिवस विषय काढला. आम्ही सज्ज्यावर उभ्या होतो, लोक गेले होते, उन्हं कलली होती.

"तुला दिसतो का गं?" तिनं विचारलं.

"मला नाही."

"मला दिसतो. पाठमोरा असतो. मी जवळ गेले तर पुढच्या वळणावर जातो." ती कठड्यावरची धूळ बोटानं पुसत राहिली. "त्यानं कुठं जायचं, सांग ना. झाडांना सांगितलं, तू मेलास. घरात दुसरा माणूस बसवला. त्याच्या जागेवर, त्याच्या ताटावर. आणि तो दुसरा माणूस चांगला आहे, ल्युबा. मला गाणी म्हणून दाखवतो. फ्लोरियाननं कधी म्हटली नाहीत."

"मग झालं तर. तोच फ्लोरियान आहे, मावशी."

"तो माटोउश आहे. मीच ठेवलंय नाव."

"त्याला माहीत आहे का, त्या दुसऱ्याचं?"

"परवा मला म्हणाला, पलीकडच्या रांगा कुणीतरी सुंदर कातरल्यात, मला एवढी सरळ रेघ जमत नाही. मी म्हटलं, मी कातरल्या. त्यानं माझ्या हातांकडं बघितलं."

अशी त्यांची वर्षं गेली. ती दोघांमध्ये राहिली, असंच म्हणावं लागेल. जेवायला एकाबरोबर, आणि संध्याकाळी कातरलेल्या झाडांच्या कडेनं, मध्ये पानांची भिंत ठेवून, दुसऱ्याबरोबर फिरायला. तिचं प्रेम कुणावर होतं, असं मी कधी विचारलं नाही. तिला एकच माणूस परत हवा होता. तो तिला अर्धा अर्धा करून मिळाला होता, आणि दोन्ही अर्धे एकदम कधी हाताला लागत नव्हते.

माटोउशची छाती खाणीतच खराब झाली होती. एकोणऐंशीच्या हिवाळ्यात तो गेला, घरात, बिछान्यात, मावशीचा हात धरून. शेवटी तिला म्हणाला, "तुझ्या नवऱ्याला सांग, मी बाग नीट राखली."

पहाटे मावशीनं किल्ली घेतली. बर्फ पडलेलं होतं. तिचे गुडघे दुखायचे म्हणून मी तिला धरून चालवत होते. "तुमचा धनी माटोउश गेला," ती प्रत्येक झाडाला म्हणाली, शांतपणे, न अडखळता. संत्रीघर झालं, सफरचंदं झाली, लिंडनचा रस्ता झाला. भुलभुलैयाच्या तोंडाशी ती थांबली आणि तिनं माझा हात सोडला.

"तू इथंच उभी राहा."

आत बर्फावर कुणाचीच पावलं नव्हती. ती पहिल्या वळणापर्यंत गेली. तिची पाठ मला दिसत होती. किल्ली तिनं खिशात टाकली होती, हात मोकळे होते.

"ऐकलंस ना," ती म्हणाली. समोर कुणी उभं असावं तसं, चढ्या आवाजात नाही. "तो गेला. चांगला माणूस होता, तुझ्याबद्दल कधी वाकडं बोलला नाही. आता घर रिकामं आहे. तू इतकी वर्षं थंडीत काढलीस, ती माझ्यामुळं. पण मला एका ताटावर दोघांना बसवता येत नव्हतं. आता ये."

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग वळली आणि माझ्याकडं आली. येताना ती वाटेच्या एका बाजूनं चालत होती, दुसरी बाजू मोकळी सोडून, आणि तिनं मला धरलं नाही. मी मागं मागं चालले. मी खाली बर्फाकडं बघितलं नाही, कारण मला ते बघायचं नव्हतं.

अंत्यविधी झाला. पाहुणे गेले. त्या आठवड्यात मी तिला एकटीला सोडायला नको म्हणून तिच्याकडं झोपायला येते म्हटलं, तर तिनं नको म्हटलं. पुढच्या सोमवारी ती कामावर उशिरा आली. इतक्या वर्षांत ती कधी उशिरा आली नव्हती. डोळे सुजलेले, केस कसेबसे बांधलेले. रडून काढली असेल रात्र, असं मला वाटलं. मी तिच्यासाठी कॉफी ओतली आणि तिच्याजवळ बसले.

"झोप नाही झाली ना, मावशी?"

तिनं दोन्ही हातांनी कप धरला आणि लांबलचक जांभई दिली.

"कशी होणार," ती म्हणाली. "फ्लोरियान किती घोरतो, मी पार विसरूनच गेले होते."